हिरव्या कोटाची खुंटी

चित्राजवळ कुणाचं बोट गेलं की नाकानो-सान ओरडत, "हात मागे!" समोर कोण आहे हे त्या बघत नसत. मीटर बघायला आलेला माणूस असो, प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष असोत की शेजारणीचं रांगणारं बाळ. एरवी त्यांचा आवाज बसका होता. सकाळी चहा होईपर्यंत तर त्या बोलतच नसत. पण ही आरोळी माडीवर माझ्या खोलीतसुद्धा लख्ख ऐकू यायची. पहिल्या आठवड्यात मी जिन्यातच दचकून हात मागे घेतले होते, आणि माझ्या हातात तर फक्त बादली होती.

मी जपानमध्ये कोबेला पीएचडीसाठी आले ती तिथल्या ईशान्य किनाऱ्यावरच्या भूकंप आणि त्सुनामीनंतरच्या वर्षी. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील बार्शीत टेम्पो चालवायचे, मी बी.एस्सी.ला असताना ते गेले. परदेशात खोली कशी शोधायची, घरमालकाशी काय बोलायचं, हे मला सांगणारं कुणी नव्हतं. विद्यापीठाच्या फलकावर एक जाहिरात दिसली. टेकडीवरचं जुनं लाकडी घर, माडीवरची खोली, खाली चित्रकार बाई राहतात. मी बोलायची वाक्यं पाठ करून गेले. दार उघडलं तसा उग्र वास आला. दारात नाकानो-सान उभ्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या. पांढरे केस स्वतःच कात्रीने कापल्यासारखे. त्यांनी माझी पाठ केलेली वाक्यं मधेच तोडली.

"हा वास चालेल?"

"आमच्या गल्लीत सुताराचं दुकान होतं," मी म्हटलं. "तिथे असाच वास यायचा. सरस आहे ना?"

"सरसच. याच्याशिवाय रंग कागदाला धरत नाही." त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "तू काय शिकतेस?"

"चिकटणारे पदार्थ."

"म्हणजे आपण एकाच धंद्यातल्या. बूट काढ, आत ये."

मुलाखत एवढीच झाली.

त्यांना 'सेन्सेई', म्हणजे गुरू, म्हटलेलं खपत नसे; नावापुढे नुसतं आदराचं 'सान' पुरे. "सेन्सेईला सगळं माहीत असतं. मला काल काय जेवले तेही आठवत नाही." पण वस्तूंवरून माणूस ओळखायची त्यांना सवयच लागली होती. कचऱ्याच्या दिवशी माझी पिशवी उचलून म्हणत, "या आठवड्यात स्वयंपाक केलेला नाहीस. परीक्षा आहे?" एकदा प्रयोगशाळेत माझ्यावर प्राध्यापक चिडले होते. मी घरी येऊन काही बोलले नव्हते. नाकानो-सान दारातल्या माझ्या बुटांकडे बघत म्हणाल्या, "कोण रागावलं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"एक बूट घरात आलाय. दुसरा अजून रस्त्यावरच आहे."

त्यांचे यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी वारले होते. त्यांच्या दाढीच्या ब्रशने त्या कागदावरची धूळ झटकत. मी एकदा भीत भीत विचारलं, की यजमानांच्या वस्तूंचं चित्र तुम्ही कधी काढलंत का. त्या ब्रश झटकत म्हणाल्या, "कशाला? दवाखान्यात, पलंगावर, सगळ्यांचा निरोप घेऊन गेला तो. कुठे आहे ते मला माहीत आहे."

त्यांच्या चित्रांत माणूस नसे. फक्त माणसाच्या वस्तू. सुरुवातीला मला त्यात काही कळायचं नाही, आणि कळत नाही हे सांगायची लाज वाटायची. मग एका रविवारी त्या मला ओसाकाच्या एका संग्रहालयात घेऊन गेल्या. तिथे सोनेरी कागद लावलेला एक घडीचा पडदा होता, लाकडी चौकटीचा, जमिनीवर उभा राहणारा. त्यावर कपडे टांगायची दांडी रंगवलेली, आणि दांडीवर रेशमी किमोनो टाकलेले. एक घाईत टाकल्यासारखा, एकाची बाही लोंबणारी. बस. मी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"कुणाला शोधतेस?" नाकानो-सानने विचारलं.

"माणसं."

"मग बरोबर बघते आहेस." अशा चित्रांना जुन्या काळापासून 'तागासोदे' म्हणतात, त्यांनी सांगितलं. म्हणजे, या बाह्या कुणाच्या? "नाव नाही, चेहरा नाही. नुकतीच कुणीतरी इथून उठून गेलीये. परत येईल असं वाटतं, म्हणून आपण उभे राहतो."

मी त्यांच्या एका चित्राचा फोटो आईला पाठवला होता. आईचा फोन आला. "अगं, हे कुणाचं दुकान आहे?"

"दुकान नाही गं, चित्र आहे. माणसं गेल्यावर मागे राहिलेल्या वस्तू."

"घरात ठेवतात? आणि झोप लागते त्यांना?"

आईचं बरोबर होतं. आमच्याकडे वडिलांचे कपडे तेराव्यानंतर लगेच दिले गेले. त्यांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट शेजारच्या काकांना मिळाला, आणि पुढे कितीतरी दिवस तो शर्ट पाठमोरा गल्लीतून चालत जाताना मला दिसायचा. हे मी नाकानो-सानना सांगितलं तेव्हा त्यांनी किटली उचलली. मग म्हणाल्या, "चालत होता ना? मग चांगलं आहे." आणि चहा ओतायला लागल्या.

युकी त्या वर्षीच्या शरदात आली. तिशीच्या आतली, ईशान्येतल्या सेंदाई शहरात नोकरी करणारी. नाकानो-सानचा एक पडदा तिने तिकडच्या प्रदर्शनात पाहिला होता. ताठ बसून, बशीतल्या तांदळाच्या गोड लाडवाला हात न लावता, तिने एका दमात सगळं सांगितलं. तिचं घर ईशान्येच्या किनाऱ्यावर, चढावर. भूकंप झाला तेव्हा वडील बाहेरगावी कामावर होते. आई घरात होती, धडधाकट होती. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंची बहीण खालच्या आळीत एकटी राहायची, तिला आणायला म्हणून आई कोट घालून उतार उतरून गेली. घराच्या अंगणापर्यंतसुद्धा पाणी आलं नाही. आई परत आली नाही. सापडलीही नाही.

"बाबा तिचा फोटो देवघरात ठेवू देत नाहीत," युकी म्हणाली. "मृत्यूची नोंदही करू देत नाहीत. मला वाटलं, तुमच्या चित्रात माणूस नसतो. त्याला ते हरकत घेणार नाहीत. दारातल्या खुंट्यांचं चित्र काढा. तिचा ॲप्रन, हॅट, आणि तिचा कोट. शेवाळी हिरवा."

"वस्तू इकडे आणू नकोस," नाकानो-सान म्हणाल्या. "मी येते. आणि एक कर. मी येणार म्हणून घर आवरू नका."

त्यांनी मलाही बरोबर घेतलं. पिशवी उचलायला, आणि त्यांच्या मते भांडणं टाळायला. "परक्या मुलीसमोर लोक भांडत नाहीत." या बाबतीत त्यांचा अंदाज साफ चुकला.

युकीचे वडील, साईतो-सान, उंच आणि किंचित वाकलेले होते. त्यांनी आम्हाला वाकून नमस्कार केला आणि मागे होऊन दार पूर्ण उघडलं. घर आवरलेलं नव्हतं. दारातच भिंतीला खुंट्यांची लाकडी पट्टी होती. त्यांचं जॅकेट, फुलाफुलांचा ॲप्रन, उन्हाची हॅट, भाजीची कापडी पिशवी. मधली एक खुंटी रिकामी होती.

नाकानो-सान तिथेच पायरीवर बसल्या, मांडीवर कागद घेऊन. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "तुमच्या बायकोचं काय तुम्हाला आवडायचं नाही?"

साईतो-सान चमकले. मीही. त्या काळात त्या भागात असं कुणी कुणाला विचारत नसे. गेलेल्यांबद्दल सगळे हळू आणि चांगलंच बोलत.

"ती फार प्रेमळ होती," ते म्हणाले.

"प्रेमळ तर सगळ्यांचीच माणसं असतात. आवडायचं नाही ते सांगा."

ते खुंट्यांकडे बघत राहिले. मग त्यांच्या तोंडून एकदम निघालं, "कोट. बाहेरून आली की कोट असा ओढून काढायची, की डावी बाही उलटी व्हायची. आतलं अस्तर बाहेर. तशीच टांगायची आणि स्वयंपाकघरात पळायची. भात लावायचा असायचा. रोज मी ती बाही सरळ करायचो. रोज सांगायचो, फुमिको, बाही सरळ करत जा. कधी ऐकलं नाही."

"मग तो कोटही काढा," युकी म्हणाली. "मधल्या खुंटीवर."

"नाही." साईतो-सानचा आवाज चढला नाही, खाली गेला. "कोट ती घालून गेलीये. बाहेर गेलेल्या माणसाचा कोट घरात कसा असेल?"

"बाबा, ती आता..."

"कोट खुंटीवर लावलास म्हणजे ती आली. आलीये का ती? मला दाखव, कुठल्या खोलीत आहे."

"आणि नाही लावला तर?" युकी उभी राहिली. "तर माझी आई कायमची थंडीत बाहेरच. तुम्हाला तेच हवंय?"

नेमक्या त्या क्षणी आमचे सगळ्यांचे फोन एकदम कर्कश ओरडायला लागले. भूकंपाचा इशारा. मागोमाग घर हललं. खूप जोरात नाही, पण खालून कुणी खांद्याने ढकलल्यासारखं, आणि थांबेना. नाकानो-सानने माझं मनगट धरलं. कोबेचा जुना भूकंप त्यांनी सोसला होता. त्यांची नखं माझ्या हातात रुतली. साईतो-सान मात्र खांबाला धरायचं सोडून अनवाणी दारात धावले आणि उताराखाली, समुद्राच्या बाजूला बघत उभे राहिले. जसं कुणी वर चढून येताना दिसणार होतं.

खुंट्यांवर जॅकेट हलत होतं, ॲप्रन हलत होता, हॅट भिंतीवर टकटक आपटत होती. रिकाम्या खुंटीवर हलायला काही नव्हतं. मी नाकानो-सानकडे पाहिलं. त्यांचा एक हात माझ्या मनगटावर घट्ट होता आणि डोळे त्या खुंटीवर.

हादरे थांबले, फोन गप्प झाले. साईतो-सान आत आले, पाय पुसले आणि सगळ्यांची माफी मागितली, जणू भूकंप त्यांच्या घरचा होता.

"कोट नाही," नाकानो-सान म्हणाल्या. "ही खुंटी रिकामी राहील. ज्या दिवशी तुम्ही म्हणाल त्या दिवशी मी येऊन कोट टांगेन." हे त्या साईतो-सानना म्हणाल्या. युकी आतल्या खोलीत गेली, आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये मी धीर करून विचारलं, "युकी-सानने बोलावलं होतं आपल्याला. तिचं ऐकायला नको होतं का?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "कोबेच्या भूकंपात आमच्या गल्लीतल्या एका बाईंचा मुलगा गेला. शाळकरी. घराखालीच सापडला. त्यांनी सांगितलं तसा पडदा मी केला. दप्तर खुंटीवर, टोपी खुंटीवर, बूट जोडीने. सुंदर झाला होता. त्यांनी उघडला, बघितला, मिटला. परत कधी उघडला नाही. कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून."

"का?"

"पुढे कधीतरी बोलता बोलता कळलं. पोराने जन्मात टोपी खुंटीला लावली नव्हती. जमिनीवर टाकायचा, आई उचलायची. मी आपली सभ्यपणे वर टांगली. त्यांनी बघितलं ते दुसऱ्या कुणाचं तरी नीटनेटकं घर होतं." त्यांनी डोळे मिटले. "सुंदर काढायचा मोह वाईट."

त्या हिवाळ्यात पडदा पूर्ण झाला. पाठीमागे अभ्रकाच्या पुडीची फिकी चमक, आणि त्यावर जॅकेट, ॲप्रन, हॅट, पिशवी. मधे लाकडाची उघडी खुंटी, तिची सावली इतकी खरी की मी हात पुढे केला आणि अर्थातच, "हात मागे!" पडदा साईतो-सानकडे गेला. त्यांचा आभाराचा फोन आला. युकीचा आला नाही.

कोटासाठी हिरवा रंग मात्र नाकानो-सानने तेव्हाच बाजूला काढून ठेवला होता. दगड कुटून केलेला रंग, एका काचेच्या बाटलीत, स्वयंपाकघरातल्या फळीवर, भाताच्या कुकरच्या वर. मी म्हटलं, इतके दिवस राहील का? "दगड आहे तो. दगड थांबतो. सरस थांबत नाही, तो त्या दिवशी ताजा करायचा."

"आणि हात?" असं मी विचारलं नाही. पण पुढच्या वर्षांत तेच माझ्या मनात यायचं. आधी त्यांच्या कपातला चहा बशीत सांडायला लागला. मग त्या जेवताना वाटी तोंडाजवळ नेण्याऐवजी तोंड वाटीजवळ नेऊ लागल्या. नवी कामं घेणं त्यांनी बंद केलं, विचारलं की म्हणत, "कंटाळा आला." सकाळी खालून दाढीच्या ब्रशचा आवाज यायचा, एकसारखी फटफट. कागद झटकण्याचा तो आवाज नव्हता. ब्रश हातात धरून बसल्या की तो आपोआप टेबलावर वाजायचा. कुकरच्या वरची हिरवी बाटली मी रोज बघायचे, आणि त्याही बघायच्या.

माझी पीएचडी संपली, त्याच प्रयोगशाळेत मी पुढचं काम धरलं. त्या हिवाळ्यात साईतो-सानचा फोन आला. नाकानो-सानना फोन कानाशी स्थिर धरता येत नव्हता, म्हणून त्यांनी तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मी भांडी घासत होते. मला सगळं ऐकू आलं.

उतारावरून नवा रस्ता जाणार होता. घर पाडायचं ठरलं होतं. साईतो-सानना पुनर्वसन वसाहतीत वरच्या मजल्यावर घर मिळालं होतं. युकी सामान बांधायला आली होती.

"नवा पत्ता फुमिकोला माहीत नाही," ते म्हणाले. "ती इथेच येणार. आणि इथे घर नसेल. म्हणून त्याआधी तिने घरी यायला हवं. नाकानो-सान, तुम्ही म्हणाला होतात."

नाकानो-सानने आपला उजवा हात टेबलाखाली घेतला. "साईतो-सान, माझ्या हाताने आता बाटलीचं झाकण उघडत नाही."

"हो का," ते म्हणाले. नंतर हळूच, "माफ करा, उगीच त्रास दिला." आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतून आले तर खालच्या खोलीत जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरलेली, आणि सगळ्यांवर बाह्या. शाईने काढलेल्या, वाकड्या, थरथरलेल्या, फाटल्यासारख्या बाह्याच बाह्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "कोट घातलेला आहेस ना? काढ."

मी काढला.

"असा नाही. परत घाल. आत भात करपतोय असं समजून काढ."

मी परत घातला आणि ओढून काढला. बाही सरळच राहिली.

"छे. फार नीट काढतेस तू. तुझ्या घरात कुणाचं काही करपत नाही वाटतं?"

मला हसू आलं आणि थोडं लागलंही. मग मी वडिलांचा विचार केला, टेम्पोचा हॉर्न वाजला की आई कशी धावायची, आणि कोट असा खेचला की बाही अर्ध्यात उलटी होऊन बाहेर आली. अस्तर दिसलं. कोपराजवळ एक चुरगळा, आणि बाहीचं तोंड आत गडप.

"हां!" त्या ओरडल्या. "तिथेच टाक. हलू नकोस." त्या जमिनीवर पालथ्या पडून त्या बाहीकडे बघत राहिल्या. माझे पाय भरून आले तरी त्यांनी मला हलू दिलं नाही. मग म्हणाल्या, "उद्याची तिकिटं काढ. फुमिको-सानला उशीर झालाय, आता आपल्याला व्हायला नको."

आम्ही पोचलो तेव्हा घरभर खोकी होती. घर पाडणारे सकाळी येणार होते. युकीने आम्हाला वाकून नमस्कार केला, पण तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पडदा तिने आधीच आतल्या खोलीत चटईवर आडवा पसरून ठेवला होता. मी गॅसवर सरस वितळवला. तो वास घरात पसरला. हिरवी बाटली मी उघडली. साईतो-सान बाहेर अंगणात गेले. मला वाटतं त्यांना बघवलं नसतं.

पडद्यावर आडवी फळी ठेवून नाकानो-सान तिच्यावर ओणवल्या. डावी मूठ कागदाच्या वर धरली, तिच्यावर उजवं मनगट टेकवलं. कुंचला उचलला आणि तो थरथरायला लागला. खाली अभ्रकाची ती स्वच्छ, चमकती पाठ होती. कुंचल्याच्या टोकाला हिरवा थेंब जमत होता. एक थेंब चुकीच्या जागी पडला असता तर पुसता आला नसता. युकीने तोंडावर हात ठेवला.

नाकानो-सानने कुंचला मागे घेतला, थेंब बशीत झटकला, डोळे मिटले. पुन्हा उचलला. पुन्हा थरथरला. पुन्हा मागे. असं किती वेळा झालं मला आठवत नाही. बाहेर उजेड उतरायला लागला होता, आणि मी सरस दोनदा गरम केला. तेवढ्यात युकी उठली, त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसली, आणि काही न विचारता तिने त्यांचा कोपर दोन्ही हातांनी खालून धरला.

नाकानो-सान ओरडतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "घट्ट धर. मी ओढेन तिकडे ये, ढकलू नकोस."

खांदा झाला. पाठ झाली. उजवी बाही सरळ खाली आली. रेषा जुन्या चित्रासारखी ठाम नव्हती, किंचित हललेली होती. लोकरीचं कापड तसंच दिसतं. मग डावी बाही. तिथे हिरवा रंग थांबला, आणि त्यांनी अस्तराचा विटका तपकिरी मागितला. उलटलेली बाही, कोपराशी चुरगळा, आत गडप झालेलं तोंड. युकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिचे हात हलले नाहीत.

झाल्यावर आम्ही तिघींनी पडदा उचलून दारात नेला आणि खऱ्या खुंट्यांखाली उभा केला. कोट दमट होता. युकीने दार उघडून हाक मारली, "बाबा."

साईतो-सान आत आले. बूट काढले. वर पाहिलं आणि थांबले. त्यांचा चेहरा पडला नाही, उजळलाही नाही. तो फक्त वैतागला, रोजच्या माणसावर माणूस वैतागतो तसा.

"पुन्हा," ते म्हणाले. "कितीदा सांगितलं, फुमिको." आणि त्यांनी सहज हात पुढे करून बाही धरली, सरळ करायला.

मी नाकानो-सानकडे पाहिलं. बोट कागदाला लागलं होतं, रंग ओला होता. मी त्या आरोळीची वाट बघत होते. त्या पायरीवर बसून कुंचला धूत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

साईतो-सानने हात मागे घेतला. त्यांच्या बोटांना तपकिरी रंग लागला होता. बाहीच्या कडेला त्यांच्या बोटांचा पुसट ठसा उमटला होता.

"नाकानो-सान," युकी घाबरून म्हणाली, "खराब झालं. तुम्हाला नीट करता येईल ना?"

"माझं काम फुमिको-सानने कोट टांगेपर्यंतचं," त्या म्हणाल्या. "बाही ते बघतात."

पुढच्या वसंतात मी पुण्याच्या नोकरीसाठी कोबे सोडलं. निघायच्या सकाळी नाकानो-सान दारापर्यंत आल्या नाहीत. निरोप त्यांना जमत नसत. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "बूट नीट घाल. दोन्ही बाहेर जाऊ देत." मी बॅग उचलली. दारातल्या खुंटीवर त्यांचा राखाडी कोट होता. आदल्या दिवशी दुकानातून येऊन त्यांनी तो कापऱ्या हातांनी कसाबसा काढला असणार. एक बाही उलटी, अस्तर बाहेर. कुकरची वाफ दारापर्यंत येत होती. मी बॅग खाली ठेवली आणि बाही सरळ करायला हात पुढे केला.

"हात मागे!" आतून आलं.